बिनपट्टीच्या कॅसेटी

व्हीसीआरचं हेड कसं पुसायचं, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. कापूस वापरायचा नाही, त्याचे तंतू आत अडकतात. मऊ चामड्याचा तुकडा घ्यायचा, त्यावर स्पिरिटचे दोन थेंब, आणि हात आडवा फिरवायचा. उभा फिरवला की हेड तुटलंच म्हणून समजा. सातवी झालेल्या बाईला हे शिकवलं कुणी, असं लोक विचारायचे. कुणी नाही हो. उघडलं, बिघडवलं, रडले, परत जोडलं.

दुकानाच्या गमतीजमती लिहा, असं दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले. गमती लय आहेत. पण लिहायला बसलं की एकच गोष्ट पुढं येऊन बसते, आणि ती काही गमतीची नाही. तेव्हा गंमत थोडकी सांगते आणि मग ती सांगते. ती सांगताना अजूनही माझी मान वर होत नाही, हे आधीच कबूल करते.

सेलूला स्टँडच्या मागच्या गल्लीत आमची व्हिडिओ लायब्ररी होती. आमचे हे वीज मंडळात वायरमन. पाटीवर नाव त्यांचं, दुकान चालवायचे मी. आताच्या पोरांना समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगते. तेव्हा घरोघरी टीव्ही नव्हते. लग्न, बारसं, गणपती असला की लोक आमच्याकडून टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी दिवसभरासाठी न्यायचे. सगळं गाद्यांत गुंडाळून बैलगाडीत घालायचं आणि मी वर बसायचे, मशीन मांडीवर, लेकरासारखं. एकदा वालूरला एका घरी देवाचा सिनेमा लावला. देव पडद्यावर आले तशी घरातली म्हातारी उठली, टीव्हीला हळदकुंकू वाहिलं, आणि मी "आजी, आजी" करेपर्यंत व्हीसीआरवरच नारळ फोडला. पाणी सगळं आत. मी किंचाळले.

"आगं, घाबरतीस कशाला?" म्हातारी म्हणाली. "देवाचंच पाणी हाय. काय हुत न्हाई."

तीन दिवस मशीन उघडं करून उन्हात ठेवलं तेव्हा कुठं चाललं. चाललं हे कळल्यावर म्हातारीनं निरोप धाडला, "बघ, म्हनले नव्हते?"

आता पट्टीचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. त्या काळी कॅसेटींवर चित्राच्या खालून जाहिराती सरकायच्या. नायिका शेवटचे श्वास मोजायली आणि तिच्या हनुवटीखालून साड्यांच्या दुकानाचा पत्ता चाललाय. गिऱ्हाईक वैतागायचं. "आक्का, बिनपट्टीची द्या बरं का," असं बजावून सांगायचं. बिनपट्टीची म्हणजे अव्वल माल. आम्हाला कॅसेटी पुरवायचे नांदेडचे हबीबभाई. लग्नाच्या शूटिंगचा मिक्सर होता त्यांच्याकडं. त्यावर ते चित्राच्या खालच्या भागावर काळा पट्टा चढवायचे आणि नवी कॉपी काढून द्यायचे. जाहिरात झाकली की कॅसेट स्वच्छ. वर्षानुवर्षं तेच करून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की चित्राखाली अक्षरं म्हणजे घाण.

आता साळवे सर. हे नाव मी बदललेलं आहे. एकदा खरं नाव सांगून काय झालं, ते पुढं येईलच.

सर तालुक्यातल्याच एका गावी, खासगी संस्थेच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. राहायला सेलूत, भीमनगरला. त्यांचा धाकटा भाऊ जहाजावर स्वयंपाकी होता, तो विलायतेहून त्यांना कॅसेटी आणायचा. त्या आमच्या कॅसेटींसारख्या नव्हेत. पुस्तकाच्या बांधणीसारखा जाड पुठ्ठ्याचा डबा, आत सिनेमाची माहिती सांगणारी पुस्तिका, कुठं दिग्दर्शकाची मुलाखत, कुठं पूर्वी कापून टाकलेला आणि आता परत जोडलेला भाग. काही डब्यांवर तर नंबर घातलेला, म्हणजे मोजक्याच काढल्या आणि त्यातली ही अमकावी. सिनेमे कुठले कुठले, पोलंडचे, हंगेरीचे, जपानचे. एकात एक म्हातारा सगळा सिनेमाभर घराचं दार दुरुस्त करतो. मी उभ्या उभ्या बघितला आणि विचारलं, "सर, दार बसतंय का शेवटी?" सर हसून म्हणाले, "नाही बसत. पण बसवावं वाटतं त्याला, तोच सिनेमा."

सरांकडं मशीन नव्हतं. घर पत्र्याचं. पावसाळ्यात ओल, उन्हाळ्यात भट्टी. कॅसेटीला दोन्हीचं वावडं; ओलीनं फितीवर पांढरी बुरशी धरते, उष्णतेनं फीत वाकडी होते. म्हणून त्यांनी आपला सगळा संग्रह माझ्या दुकानाच्या आतल्या खोलीत, कपाटात ठेवला होता. पावसाळाभर मी त्या कपाटात छोटा बल्ब पेटता ठेवायचे. कॅसेटी आडव्या रचायच्या नाहीत, उभ्या ठेवायच्या, आणि तीन महिन्यांतून एकदा प्रत्येक पुढं-मागं फिरवून घ्यायची. एवढं मी माझ्या स्वतःच्या दागिन्यांचं केलं नाही. दर रविवारी सकाळी सर यायचे आणि आत बसून एक सिनेमा बघायचे.

आतल्या खोलीत का? सरांना निवांतपणा मिळावा म्हणून, असं मी सांगायचे. ते अर्धंच खरं. नामांतराची वर्षं होती ती. कोण कुणाशेजारी बसलंय हे लोक नजरेत ठेवायचे. भीमनगरचा माणूस पुढच्या खुर्चीत दिसला की माझी काही गिऱ्हाइकं दारातूनच परत फिरायची. त्यांना मी एका शब्दानं बोलले नाही. सरांची खुर्ची आत नेली, आणि त्याला सोय म्हणाले.

सरांच्या दोन गोष्टींचं मला फार कौतुक होतं. एक, ते सिनेमा आवाज बंद करून बघायचे. "राहू द्या ताई, बाहेर गिऱ्हाईक आहे, त्यांना त्रास नको." माणसानं असावं तर असं, हे मी गल्लीभर सांगत सुटायचे. दुसरी, मी बोलायला लागले की ते हातातलं सोडून माझ्या तोंडाकडं बघत राहायचे. मी किती बोलते हे आतापर्यंत तुम्हाला कळलंच असेल. इतकं लक्ष देऊन माझं बोलणं जन्मात कुणी ऐकलं नव्हतं. आमचे हे म्हणायचे, "सोड की त्या माणसाला. चहा गार होयलाय त्याचा."

त्या वर्षी शाळेचे जुने हेडमास्तर येत्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते, आणि सेवेच्या हिशेबानं त्या खुर्चीवर नंबर साळवे सरांचा होता. भीमनगरात त्याआधी कुणी हेडमास्तर झालेलं नव्हतं. सरांच्या बायकोनं, वहिनींनी, मला एकदा बाजारात हळूच सांगितलं, "खादीचा कोट शिवायला टाकलाय, त्यांना सांगू नका." मला वाटलं, आपणही सरांना काहीतरी द्यावं. दसरा जवळ आला होता.

आणि मला चित्राखालची ती अक्षरं खटकली. सरांच्या झाडून सगळ्या कॅसेटींवर खाली इंग्रजी पट्टी. एवढा देखणा माल, त्यावर ही घाण. सर भिडस्त, बोलत नसतील. त्यांच्या सगळ्यात आवडत्या सहा कॅसेटी मी काढल्या आणि हबीबभाई आले तेव्हा त्यांच्यापुढं ठेवल्या. म्हटलं, सगळ्यांची पट्टी झाका आणि नव्या कोऱ्या फितीवर उतरवून द्या.

हबीबभाईंनी डबे उलटेपालटे करून बघितले. "भाभी, मेहनत का कुछ नक्को. ये डिब्बे मेरे पास छोड देव, बस्स."

मला वाटलं, मीच जिंकले. अक्षरांचा माल देऊन स्वच्छ माल घेतला.

दसऱ्याला सरांच्या हातात सोनं ठेवलं, म्हणजे आपट्याची पानं, आणि वर सहा कोऱ्या कॅसेटी. सर आत गेले. दहा मिनिटांतच बाहेर आले.

"ताई, अक्षरं कुठं गेली?"

"काढून टाकली!" मी टाळीच वाजवली. "कशी स्वच्छ दिसायलेत की नाही चित्रं?"

"आणि डबे?"

"ते हबीबभाईला देऊन टाकले."

सर पुढच्या खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कॅसेटी तशाच बाजूला सारल्या. मला लय लागलं. मी दुकानाच्या फळीकडं तोंड फिरवून कॅसेटी लावायला लागले आणि धुसफुसत बोलत सुटले, की माणसानं आपुलकीनं काही करावं तर ही तऱ्हा, एक चांगला शब्द सुद्धा नाही. किती वेळ बोलले कुणास ठाऊक. वळून बघते तर सर जमिनीकडं बघत बसलेले.

"सर, मी काय म्हणायले, ऐकायलाव का?"

त्यांनी वर बघितलं. "काय म्हणालात? तुमचं तोंड तिकडं होतं."

मग त्यांनी उठून दार लोटलं आणि सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी क्षय झाला होता. इंजेक्शनं घेतली, छाती बरी झाली आणि कान गेले. आधी एक, मग दुसरा. बायको सोडून कुणाला माहीत नव्हतं. समोरच्याच्या ओठांवरून ते बोलणं ओळखायचे. वर्गात एखाद्या पोराचं कळलं नाही तर म्हणायचे, फळ्यावर लिही. त्यांच्या शाळेची पोरं इंग्रजी एवढं सुंदर आणि बिनचूक का लिहितात, याची तालुक्यात चर्चा होती. ती अशी लिहायला शिकली होती.

"आपले सिनेमे मला कळत नाहीत ताई," सर म्हणाले. "माणसं पाठमोरी बोलतात, अंधारात बोलतात, रडताना तोंड झाकून बोलतात. ह्या सिनेमांत कुणी पाठमोरा जरी बोलला, तरी त्याचं बोलणं खाली इंग्रजीत उमटतं. तेवढे दोन तास मला कुणाच्या तोंडाकडं बघत बसावं लागत नाही."



"कुणाला बोलू नका," ते म्हणाले. "संस्थेत काही जणांना मी त्या खुर्चीत नकोच आहे. त्यांना फक्त कारण सापडत नाही."

मी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

दुसऱ्याच दिवशी पॅसेंजर धरून नांदेड गाठलं. हबीबभाईंनी हात जोडले. "गये भाभी. परभणी के वकीलसाब लेके गये. उनको ऐसे डिब्बों का बडा शौक है." परतताना परभणीला उतरले. वकीलसाहेबांचा पत्ता विचारत विचारत गेले. दिवाणखान्यात काचेचं कपाट, त्यात तसलेच डबे ओळीनं उभे, आणि मधल्या खणात आमचे सहा. मी ते लांबूनच ओळखले.

वकीलसाहेब माणूस सभ्य. पाणी दिलं, चहा दिला. पण डब्यांचं नाव काढल्यावर मान हलवायला लागले.

"बाई, ह्यावर नंबर आहे बघा. ही प्रत पुन्हा मिळत नसते. हिच्यासाठी मी मुंबईला किती खेटे घातले, विचारा."

"साहेब, माझी चूक झाली. माल माझा नव्हता."

"मी काही चोरून आणला नाही."

"तसं नाही म्हणाले. तुम्ही म्हणाल त्या दहा कॅसेटी आणून देते."

"मला दहा कॅसेटी नकोत. मला ह्याच हव्यात. तुम्हाला नाही कळायचं ते."

मला रडू फुटलं. आणि रडता रडता तोंडही सुटलं. "अहो साहेब, त्यांना ऐकू येत नाही हो!" तेवढ्यावर थांबले असते तरी भागलं असतं. एका बहिऱ्या माणसाच्या कॅसेटी आहेत, एवढं ऐकूनही त्यांचा जीव कळवळला असता. पण मी कुठली थांबते? सरांचं नाव सांगितलं. गाव सांगितलं, शाळा सांगितली, क्षयाची इंजेक्शनं सांगितली, फळ्यावर लिहून घेतात ते सांगितलं. येत्या जूनला हेडमास्तर होणार आहेत, हे सुद्धा सांगितलं. मला ते सगळं सांगताना बरं वाटत होतं, हे आज कबूल करते. एवढा मोठा वकील माझ्या शब्दाशब्दाला मान डोलवत होता.

वकीलसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. उठले, कपाट उघडलं, सहाही डबे माझ्या हातात दिले आणि वर आपला स्वतःचा एक दिला. "अशा माणसाकडंच असाव्यात ह्या," म्हणाले.

सेलू येईपर्यंत मी खिडकीशी बसून स्वतःवरच खूश होते.

रविवारी सरांनी एकेक डबा उघडला, पुस्तिका काढून नाकाशी धरली. डोळे भरले होते त्यांचे. "कशा मिळवल्या ताई?"

"हबीबभाईनं दिल्या परत."

ते माझ्या ओठांकडंच बघत होते. मला वाटलं, खोटं बोललेलं त्यांना दिसेल. नाही दिसलं.

थंडी सरता सरता वकीलसाहेब कुठल्याशा लग्नाला सेलूला आले, तेव्हा आवर्जून दुकानात डोकावले. "बाई, तुमच्या सरांची गोष्ट मी आमच्या मंडळींत सांगितली. लोक थक्क झाले! त्यांच्या संस्थेचे एक पदाधिकारीच तिथं होते. म्हणाले, अरे, हे तर आमचेच सर!" ते खरोखर कौतुकानं सांगत होते. माझ्या हातातली कॅसेट खाली पडली आणि फुटली.

पंधरा दिवसांत सरांना कानाच्या तपासणीचं पत्र आलं. पुढचं थोडक्यात सांगते, मला लांबवता येत नाही. जूनला त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान असलेले एक मास्तर खुर्चीत बसले. सरांना वर्गातून काढून कार्यालयाच्या मागच्या खोलीत बसवलं. हजेरीपटांवर रेघा मारायच्या, खडूची खोकी मोजायची. अर्ज केले त्यांनी, औरंगाबादला जाऊन आले, काही उपयोग झाला नाही. निवृत्त होईपर्यंत वर्ग पुन्हा मिळाला नाही.

रविवारी मात्र ते येत राहिले. एकदा म्हणाले, "तुम्ही शपथ घेतली होती. मग राहिली माझी बायकोच. बायकांत कुठं बोलून बसली असेल." त्यानंतर घरात नवराबायकोचं बोलणं कामापुरतंच राहिलं, हे मला भीमनगरातल्या बायकांकडून कळायचं. वहिनी बाजारात भेटल्या तर म्हणायच्या, "ताई, मी कुणापाशी चकार शब्द काढला नाही हो. तुम्ही तरी त्यांना सांगा. तुमचं ऐकतात ते." मी म्हणायचे, सांगते. हातातली भाजीची पिशवी घट्ट धरायचे आणि पुढं चालू लागायचे.

का नाही सांगितलं? सर येणं बंद करतील, म्हणून. कपाट रिकामं होईल आणि माझ्या तोंडाकडं बघत बसणारं कुणी उरणार नाही, म्हणून. याहून मोठं कारण नव्हतं.

एका रविवारी धीर केला. सर आत सिनेमा बघत होते, पाठ माझ्याकडं. मी त्यांच्या मागं उंबऱ्यात उभी राहिले आणि सगळं सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, परभणीची पॅसेंजर, वकीलसाहेबांचं कपाट, वहिनींचं निर्दोष असणं, सगळं. ते वळले नाहीत. वळणार नाहीत हे मला ठाऊक होतं, म्हणूनच तर तिथं उभी राहिले. तेवढ्यानं मला रात्री झोप लागली, याची शरम मला त्या सगळ्यापेक्षा जास्त वाटते.

पुढं डिश आली, लायब्ररी बंद झाली, सरांचा भाऊ येऊन कॅसेटी घेऊन गेला. आता सर आणि वहिनी लेकीकडं असतात. सरांची नजर अजून चांगली आहे, दिवाळी अंक ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, असं लेक फोनवर म्हणाली. वहिनींना अक्षरओळख नाही. म्हणून संपादकांना विनंती करून हा अंक मी मुद्दाम वहिनींच्या नावानं धाडायला सांगितला आहे. त्यांना तो सरांकडूनच वाचून घ्यावा लागेल.

सर, एवढी दोन वाक्यं वहिनींसमोर बसून मोठ्यानं वाचा. वहिनी कुणाला बोलल्या नव्हत्या. मी बोलले.